न विचारलेलं घर

आक्काला गिऱ्हाइकाचं माप घ्यायला टेप लागत नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे आणि आक्काने ते कधी खोडून काढलं नाही. बाई दारातून आत आली की आक्का मशीनवरची मान वर करायची आणि खांदे, छाती, कंबर मनातल्या मनात मोजून मोकळी व्हायची. टेप गळ्यात असायची ती नुसती समोरच्याला धीर यावा म्हणून. माणसांचंही तेच. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाची नोकरी गेलीय, कुणाकडे दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा दोन महिने झाले तरी हलत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं आणि मशीन अशा कोनात मांडलेलं, की सुई ओवता ओवता गल्लीतली सगळी दारं दिसावीत. नवरा म्हणायचा, "तुला दुकान नाही, चौकी काढून द्यायला हवी होती." नवरा पंखे दुरुस्त करायचा. त्याला माणसांपेक्षा पंख्यांचं जास्त कळायचं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आक्काने सगळ्यात जास्त ओळखलेला माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा आक्का सोळाची होती आणि भाऊ चारचा. त्याला तिने भरवलं, शाळेत घातलं, त्या शाळेने काढून टाकल्यावर दुसऱ्या शाळेत घातलं. एकोणिसाव्या वर्षी तो गल्लीगल्लीतल्या मारामाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असायचा. एकदा एकाचं डोकं फोडून आला, एकदा स्वतःचं फोडून घेऊन आला. पोलीस चौकीच्या बाकावर आक्काने इतक्या दुपारी काढल्या की शेवटी तिथला हवालदार तिच्याकडून पँटींची लांबी कमी करून घ्यायला लागला.

मग वस्तीत एक केंद्र निघालं. मारामाऱ्या कमी करायच्या, आणि त्यासाठी ज्यांनी त्या केल्यात त्यांनाच हाताशी धरायचं, असा त्यांचा खाक्या. आक्काने तिथल्या मॅडमचं महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे भावाला घेतलं. त्याला निळं जाकीट मिळालं. भांडण पेटायच्या आत दोघांच्या मधे जाऊन उभं राहायचं, एकाला चहाला न्यायचं, दुसऱ्याला घरी पोचवायचं. आणि खोटं कशाला बोला, भाऊ त्यात हुशार निघाला. चार वर्षांत चौकात सुरा निघाल्याचं कुणाला आठवेना. ज्या आयांनी त्याला शिव्या घातल्या होत्या त्याच आपल्या मुलांना समजवायला त्याला बोलवायला लागल्या. आक्काचा ऊर भरून यायचा. सगळ्या मध्यस्थांची जाकिटं तीच शिवायची, आणि भावाच्या जाकिटाला दुहेरी शिलाई मारायची.

पाचव्या वर्षी केंद्राला पैसे देणाऱ्या वरच्यांनी विचारलं, या सगळ्याने खरंच फरक पडला का? एक पाहणी आधी झाली होती. बाहेरून दोन माणसं आली, दारादारात उभी राहिली, आणि लोकांनी 'सगळं छान चाललंय' असं सांगून त्यांना वाटेला लावलं. या वेळी मॅडम म्हणाल्या, इथे राहणाऱ्यांनीच ठरवू दे की काय विचारायचं, कुणी विचारायचं आणि उत्तरं आल्यावर काय करायचं. मग शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून, वस्तीतली बारा माणसं बसली. त्यांत आक्का होती आणि तिच्या शेजारी निवृत्त पोस्टमन.

अकरा प्रश्न ठरले. दिवे लागल्यावर मुलीला दुकानात एकटीला पाठवता का? भांडण झालं तर आधी कुणाला हाक मारता? अशा धर्तीचे. सातव्यावरून मात्र दोन दिवस जुंपली. गेल्या तीन महिन्यांत या घरात कुणी कुणावर हात उचलला का? पुरुष म्हणाले, घरातलं घरात राहू दे, केंद्र रस्त्यासाठी आहे. तेव्हा आक्का उठून उभी राहिली. "रस्त्यावर मार खाणाऱ्याला पळून तरी जाता येतं," ती म्हणाली. "घरातली कुठे पळेल?" प्रश्न राहिला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे आक्काने रात्रंदिवस स्वतःला जे बोल लावले ते सगळे या वाक्यावरून.

नियम दोनच होते. नात्यातल्या घरी आपण जायचं नाही. आणि उत्तर माहीत असलं तरी प्रश्न विचारायचाच, कागदावर आहे तसा, माणसाला एकट्याला गाठून. मॅडमनी या दुसऱ्या नियमाखाली फळ्यावर दोन रेघा ओढल्या. आक्काने मनात म्हटलं, हे नवख्यांसाठी.

तिसरी गल्ली पोस्टमनच्या वाट्याला आली, कारण तिथे आक्काचा भाऊ राहायचा. सगळी घरं करून एका संध्याकाळी तो दुकानात आला आणि एक कोरा फॉर्म त्याने मशीनच्या पाटावर ठेवला.

"तुझी भावजय काही बोलेना," तो म्हणाला. "म्हणते, काका, राग मानू नका, पण वन्संना पाठवा. त्यांनाच सांगते."

"एवढं काय सांगायचंय तिला?"

"मला सांगितलं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का? नियमाबाहेरचं आहे, पण कोरा कागद परत कसा देऊ? आक्का शुक्रवारी येईल, असं सांगून आलोय."

शुक्रवार उजाडला तो गणवेशांच्या ढिगाऱ्यासकट. चार दिवसांवर शाळा आली होती, बावीस गणवेशांना अजून काजं करायची होती, आणि फॉर्म त्याच दिवशी द्यायचे होते. भावाचं घर शंभर पावलांवर. आक्का उठलीच नाही. आपल्याच घरी जाऊन आपल्याच माणसांना काय विचारायचं, असं म्हणत तिने पायाखालचं पायडल थांबवलं आणि फॉर्म भरायला घेतला. पहिले सहा प्रश्न तिने भराभर संपवले. सातव्याशी पेन अडलं.

महिन्यापूर्वी भावजय दोन ड्रेस शिवायला टाकायला आली होती. ऐन उकाड्यात म्हणाली, बाह्या मनगटापर्यंत ठेवा. दंडाला टेप लावताना आक्काला तिथे हिरवट पिवळा डाग दिसला. एकच नव्हता, चार होते, बोटांच्या अंतरावर. भावजय काही बोलायच्या आत आक्काच म्हणाली होती, "कपाटाचा कोपरा लागला वाटतं?" आणि भावजय "हो" म्हणाली होती.

इथे आक्काची बाजू घ्यायची काही सोय नाही. कपाटाला चार कोपरे असतात, पण ते असे एका ओळीत लागत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? त्या शुक्रवारी तिला ते डाग लख्ख आठवले. त्यांच्यामागून चौकीचा बाक आठवला, निळं जाकीट आठवलं, भावाला हाका मारणाऱ्या आया आठवल्या. तिने 'नाही'पुढे खूण केली, उरलेले चार प्रश्न उरकले आणि पुढच्या गणवेशाला हात घातला.

महिन्याभराने शाळेच्या हॉलमध्ये निकाल वाचला गेला. भिंतीवर एकेका गल्लीचा मोठा कागद लावला होता. सातव्या प्रश्नापुढे नाल्यापलीकडच्या गल्लीत नऊ घरं आणि तिसऱ्या गल्लीत शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ पहिल्या रांगेत होता, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग काय करायचं यावर चर्चा झाली. केंद्राच्या एक बाई दर मंगळवारी गल्लीगल्लीत घरोघर बसायला यायच्या, बायकांशी बोलायच्या, त्यांना सगळे मंगळवारच्या बाईच म्हणायचे. सगळ्या वस्तीत त्या एकट्या. लोक म्हणाले, तिसऱ्या गल्लीत आता त्यांचं काय काम? नाल्यापलीकडे पाठवा. हात वर झाले. आक्कानेही हात वर केला, जरा उशिरा, पण केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी सकाळी, भावजय दुकानात आली. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि उजव्या हातात तो लांब बाह्यांचा ड्रेस.

"वन्सं, एवढी डावी बाही उसवून द्या. प्लास्टर जात नाही."

"काय झालं गं?"

"न्हाणीघरात घसरले."

आक्काने ड्रेस घेतला. स्वतः घातलेला टाका न् टाका ती कातरीच्या टोकाने उसवत होती. या वेळी मात्र तिने पुढचं उत्तर सुचवलं नाही. बाही सुटी झाल्यावर आक्का म्हणाली, "त्याने केलं?"

भावजय रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ती दाराबाहेर बघत राहिली.

"त्या शुक्रवारी तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली.

"गणवेश होते गं."

"काका म्हणाले होते, येणार. मी यांना लांबच्या दुकानात पाठवलं. पोरीला शेजारी ठेवलं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आपण होऊन माझ्या तोंडून निघालं नसतं, वन्सं. तुमचा भाऊ तो, तुम्ही वाढवलेला. पण म्हटलं, कागदावरच प्रश्न आहे, तो तुम्ही विचारणार, आणि विचारलं की सांगायचं. दिवेलागणीपर्यंत वाट बघितली."

आक्काला वाटलं, जमिनीने गिळावं.

"मग हॉलमध्ये बघितलं, आमच्या गल्लीपुढे शून्य. म्हटलं, वन्संनी लिहिलंय म्हणजे ठरलंच आता, काय म्हणायचं ते." तिने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "मंगळवारच्या बाई यायच्या तेव्हा हे निदान सोमवारी आणि मंगळवारी हात आवरायचे. त्यांना दिसेल म्हणून."

"मी येते," आक्का म्हणाली. "आत्ता येते, कागद घेऊन. विचारते."

"नको."

"मग कधी येऊ?"

"तुम्ही नकाच येऊ आता," भावजय म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच आक्काला जास्त लागलं. "पाठवायचंच असेल तर ज्या बाईला मी कोणाची कोण ते ठाऊक नाही, अशी कुणी पाठवा."

ती गेल्यावर आक्काने दुकान उघडं टाकलं आणि आतल्या फळीवर जाऊन बसली. ज्या हाताने त्या पोराला भरवलं होतं त्याच हाताने आपण त्याच्या बायकोचं तोंड बंद केलं, हे तिच्या मनातून जाईना. दुपारी नवरा जेवायला आला, तिचं ताट तसंच झाकलेलं बघून म्हणाला, "पंखा बिघडला की आवाज तरी करतो. तुझं काय झालंय ते सांग." तिने सांगितलं. नेहमीसारखी थट्टा करायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मग म्हणाला, "केंद्रात जा. आजच."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आक्काला वाटलं होतं त्या चिडतील, किंवा 'होतं असं' म्हणतील. दोन्हींतलं काही झालं नाही.

"मी सगळ्यांसमोर सांगते," आक्का म्हणाली. "कुणाचं घर, काय लिहिलं, सगळं."

"आणि तो संध्याकाळी घरी जाईल तेव्हा?" मॅडम म्हणाल्या. "तुमचं मन हलकं होईल आणि मार ती खाईल. घर सांगायचं नाही. चूक सांगा."

मॅडमनी लगेच मंगळवारच्या बाईंची फेरी पुन्हा तिसऱ्या गल्लीत सुरू केली, आणि रविवारी लोकांना हॉलमध्ये बोलावलं. आक्का भिंतीवरच्या कागदापाशी जाऊन उभी राहिली. समोर सगळी तिचीच गिऱ्हाइकं. निम्म्यांच्या अंगावर तिच्याच हातचे कपडे होते, आणि पहिल्या रांगेत भाऊ.

"मी काही फॉर्म न विचारता भरले," ती म्हणाली. "घरी बसून. मला वाटलं, मला ठाऊक आहे. कुठली घरं ते सांगणार नाही. पण तिसऱ्या गल्लीचा हा आकडा खोटा आहे. सगळी गल्ली पुन्हा विचारा, आणि मी सोडून दुसऱ्या कुणीतरी विचारा."

हॉलमध्ये कालवा झाला. एक बाई म्हणाली, मग आमच्या नावानेही काहीबाही लिहिलं असेल. मागून कुणी म्हणालं, सातव्या प्रश्नावर एवढी मोठी भाषणं करणारी हीच ना? आक्काने मान खाली घातली. तेवढ्यात पोस्टमन उठला. "मीही भरलेत दोन," तो म्हणाला. "त्याच गल्लीतले. माझीही घरं विचारू नका." त्याने खरंच भरले होते, की गल्लीतलं कुठलं एक घर कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो उठला, हे आक्काला आजवर कळलेलं नाही. दोघांनाही त्या बारा जणांतून काढलं. ठराव सगळ्यांनी हात वर करून केला, आणि आक्काला तो अगदी रास्त वाटला.

बाहेर भावाने तिला गाठलं. "आक्का, माझ्या कामाची तू माती केलीस. पाच वर्षं घासतोय मी." मग जरा जवळ येऊन, हलक्या आवाजात, "कुठली घरं होती?"

"सांगणार नाही म्हटलं ना."

"मला पण नाही?"

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. चौकीच्या बाकावर तो असाच बघायचा, आपलं काय काय बाहेर आलंय याचा अंदाज घेत. त्या दिवसांत आक्का घाईघाईने म्हणायची, काळजी करू नकोस, मी आहे. आज ती काही बोलली नाही. भाऊ निघून गेला.

पुढच्या गुरुवारी गल्ली पुन्हा विचारायची ठरली. त्या दिवशी मॅडमनी सगळ्या मध्यस्थांना दिवसभर केंद्रात बैठकीला बसवून ठेवलं. विचारायला दुसऱ्या वस्तीतून एक बाई आली. खाकी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आक्काच्या दुकानावरून गेली पण आत डोकावलीसुद्धा नाही. पहिल्या घरी ती बारा मिनिटं होती, दुसऱ्या घरी दहा. आक्का गिऱ्हाइकाची बाही लावत होती, ती दोनदा उलटी लागली. अकराच्या सुमाराला ती बाई भावाच्या दारात शिरली आणि दार आतून लागलं.

बारा वाजले. साडेबारा झाले. आक्काने बाही बाजूला ठेवली. तिला उठून जावंसं वाटत होतं, त्या दारापाशी नुसतं उभं राहावंसं वाटत होतं, आणि तिला तिथे नको म्हणून सांगितलेलं होतं. एक वाजता दार उघडलं. आधी ती बाई बाहेर आली, मग भावजय, गळ्यात अडकवलेलं प्लास्टर, उजव्या हातात एक पिशवी, आणि तिच्या पदराला धरून पाच वर्षांची पोर, शाळेचं दप्तर पाठीला लावलेलं. तिघी पुढच्या घराकडे न वळता गल्लीच्या तोंडाकडे आल्या.

"आत्या, आम्ही रिक्षाने जाणार," पोर दुकानाच्या पायरीशी थांबून म्हणाली.

आक्का पायरीवर आली. "कुठे चाललात गं?"

भावजयीने त्या बाईकडे बघितलं. बाई शांतपणे म्हणाली, "ते आम्ही त्यांच्या नातेवाइकांना सांगत नाही."

आक्काने मान डोलावली. ती जागची हलली नाही. भावजय पोरीला घेऊन पुढे झाली, दोन पावलं गेल्यावर थांबली, वळून काही म्हणणार असं वाटलं, पण रिक्षा आली होती आणि त्या बसल्या.

भाऊ सहाला बैठकीतून आला. घराला कुलूप बघून तसाच उलट्या पावली दुकानात शिरला. जाकिटाची चेन उघडी होती.

"कुठे गेली ती? पोर कुठेय?"

"मला माहीत नाही."

"इथूनच गेली असणार. तुझ्या डोळ्यांसमोरून. आणि तुला माहीत नाही?" त्याचा आवाज चढला. "आक्का, तुला नक्की काय माहीत असतं मग?"

आक्काने गळ्यातली टेप काढून पाटावर ठेवली. वाढवलेलं माणूस समोर उभं होतं आणि तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटत होती. तरी ती मागे सरली नाही.

"तू तिला मारतोस, ते माहीत होतं," ती म्हणाली. "हात मोडायच्या आधीपासून."